तारांना हात लावला की गुणगुण का कमी होते?

आजचा विषय इलेक्ट्रिक गिटारचं अर्थिंग.

अ‍ॅम्प चालू केला की घूंऽऽ असा आवाज येतो आणि तारांना हात लावला की कमी होतो. अनेकांना वाटतं, वायरिंगमध्ये फॉल्ट आहे. खरं तर वायरिंग बरोबर असल्याची ती खूण आहे. आपलं शरीर घरातल्या 50 हर्ट्‌झ विजेचा नॉइज अँटेनासारखं पकडतं. ब्रिजखालून एक बारीक वायर आत ग्राउंडला सोल्डर केलेली असते. तार धरली की अंगावरचा नॉइज तिच्यातून निघून जातो. हात लावूनही काहीच फरक पडत नसेल, तर लीड अ‍ॅम्पमधून काढा आणि मल्टिमीटर लावा: एक प्रोब तारेला, दुसरा जॅकच्या ग्राउंडला. बीप नाही आला, तर ती वायर तुटलीय. फक्त ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये ती मुद्दाम जोडत नाहीत.

आता खरा मुद्दा. ही वायर पुढे कुठे जाते? जॅक, लीडचं शील्ड, अ‍ॅम्पची चासी आणि शेवटी भिंतीतली अर्थ पिन. म्हणजे वाजवताना तुम्हीही त्या सर्किटमध्ये असता. गिटार कितीही छान सोल्डर करा, तुमचा जीव भिंतीतल्या अर्थिंगवर अवलंबून असतो. हातात तार आणि ओठाशी माइक, दोघांत व्होल्टेजचा फरक असेल तर करंट छातीतून जातो. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्झीला, स्टेजवर, स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून असाच गेला.

म्हणून आवाज घालवायला अ‍ॅम्पची अर्थ पिन कधीही तोडू नका, टू-पिन अ‍ॅडॅप्टरही नको. ग्राउंड लूप तुटून आवाज जाईल, पण सुरक्षाही जाईल. वॉर्निंग बंद केली म्हणून कोडमधला बग जात नाही, तसंच हे!

मग करायचं काय? सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा. डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट वापरा, ते फक्त सिग्नल केबलचं शील्ड तोडतं. गिटारच्या आत कॉपर टेप लावून ती ग्राउंडला जोडा. सिंगल कॉइलची थोडी गुणगुण तरीही राहील, ती हमबकरनेच जाते. सप्लायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तार आणि माइकची जाळी तपासा. रीडिंग शून्याच्या आसपास हवं. मांडवात जनरेटरवर कार्यक्रम असेल तर नक्कीच! आणि ओठाला झिणझिण्या आल्या तर "चालतंय रे" म्हणू नका. मेन स्विच बंद करा, मग बोला.

भेटू पुढच्या भागात.