‘शुभवर्तमान’ : एका शब्दाची कुळकथा

(ज्युबिलीनिमित्त गंगापूर येथें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली. चारांऐवजीं एकाच शब्दाविषयीं बोलावें असा आमचा मानस आहे. मिस्साबलिदानाच्या वेळीं ज्या ग्रंथांतील वाचन आपण सर्वजण उभे राहून ऐकतों, त्यास मराठींत ‘शुभवर्तमान’ आणि इंग्रजींत ‘गॉस्पेल’ म्हणतात. शब्द रोजच्या ओळखीचा झाला म्हणजे त्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. ती आज करूं.

‘गॉस्पेल’ हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे. प्राचीन इंग्रज लोक ‘गोद्‌स्पेल’ असें म्हणत. त्यांच्या भाषेंत ‘स्पेल’ म्हणजे सांगितलेली गोष्ट, निरोप किंवा बातमी; आणि लांब ओकाराचा ‘गोद’ म्हणजे चांगला. लॅटिन ‘इव्हांजेलियम’ याचें त्यांनीं आपल्या घरगुती भाषेंत केलेलें हें सरळ भाषांतर होय : चांगली बातमी. परंतु त्याच भाषेंत आखूड ओकाराचा दुसरा एक शब्द होता व त्याचा अर्थ देव. आपल्याकडे ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. केवळ ऱ्हस्वदीर्घाचा भेद, तसाच हा प्रकार. लिहितांना दोन्ही शब्द बहुधा सारखेच दिसत. पुढें जोडाक्षरापूर्वींचा ओकार उच्चारांतही आखूड झाला, आणि लोक ‘चांगल्या बातमी’च्या जागीं ‘देवाची कथा’ असें समजूं लागले. इंग्रज धर्मप्रचारकांबरोबर हा शब्द जर्मनींत गेला, तो याच दुसऱ्या अर्थानें. आइसलंडच्या भाषेंत आजही त्याचा पूर्वार्ध ‘देव’ असाच आहे. इकडे ‘स्पेल’ या शब्दाचाही जुना अर्थ मागें पडून जादूचा मंत्र असा अर्थ रूढ झाला. तात्पर्य, शब्द इंग्रजांजवळ राहिला. पण त्यांतील ‘बातमी’ मात्र कानांस ऐकूं येईनाशी झाली.

आतां मूळ ग्रीक शब्दाकडे वळूं. ‘इव्हांजेलियम’ हें ग्रीक शब्दाचेंच लॅटिन रूप. होमर कवीच्या ‘ओडिसी’ काव्यांत त्या ग्रीक शब्दाचा अर्थ बातमी नव्हे, तर चांगली बातमी आणणाऱ्यास द्यावयाचें बक्षीस असा आहे. आपल्याकडेही शुभ बोलणाऱ्यास ‘तुमच्या तोंडांत साखर पडो’ असें म्हणतात. जणूं त्या साखरेचेंच नांव पुढें बातमीस मिळालें! नंतर हा शब्द राजदरबारीं चढला. इ. स. पूर्वी ९ या वर्षाच्या सुमाराच्या, आशिया मायनरमधील प्रीएने येथील शिलालेखांत रोमन बादशहा ऑगस्टस याचा जन्मदिवस हा जगास शुभवार्तांचा आरंभ होय, असें कोरलेलें आहे. बादशहाच्या जन्माचा हा शब्द शुभवर्तमानकारांनीं नासरेथच्या एका सुताराच्या वृत्तांतास लाविला. हें धाडस लहान नव्हे.

आतां मराठीचें पाहूं. गोव्याच्या कोंकणींत पोर्तुगीज शब्दावरून ‘वांजेल’ असा शब्द रुळला. मराठीनें मात्र जुन्या इंग्रजांप्रमाणें अर्थ घेऊन आपला शब्द घडविला. पेशवाईंतील पत्रांत ‘इकडील वर्तमान’ म्हणजे इकडील बातमी. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ सुरू केलें, आणि १८४२ सालीं अहमदनगराहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराहून, ‘ज्ञानोदय’ निघूं लागला. अशा पत्रांस आपण ‘वर्तमानपत्रें’ म्हणतों तें याच अर्थानें. पण आजच्या शाळकरी मुलास विचारा. वर्तमान म्हणजे चालू काळ, इतकेंच तो सांगेल. जें ‘गोद्‌स्पेल’चें झालें, तेंच ‘शुभवर्तमाना’चें होऊं पाहत आहे. वसईच्या मासिकानें ‘सुवार्ता’ हें नांव घेतलें, त्यांत बातमीचा अर्थ स्वच्छ ऐकूं येतो. त्याचे दीर्घकाळ संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल सुबोध मराठींत आणिलें, आणि २०२० सालीं आपल्याच मराठवाड्यांत, उस्मानाबाद म्हणजे आतांच्या धाराशिव येथें, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्माचा शब्द लोकांच्या भाषेंत बोलल्यास लोक त्यास आपला म्हणतात, याचा हा पुरावा होय.

मग जुना शब्द टाकावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शब्दाचा अर्थ सांगत राहिलें म्हणजे पुरें. तो सांगण्यास आपल्या गांवाइतका चांगला दाखला दुसरा नाहीं. गोदावरीच्या दक्षिणेस नेवासें इंग्रजी मुलखांत, उत्तरेस आपलें गंगापूर निजामाच्या राज्यांत. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं पैलतीरीं स्वातंत्र्य आलें. ऐलतीरीं मात्र १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मधले तेरा महिने बातमी होती, खरीही होती, परंतु ती दुसऱ्याच्या घरची होती. नदी ओलांडून ती आपल्या उंबरठ्यावर आली, तेव्हां तिचें शुभवर्तमान झालें.

बातमी आणि उपदेश यांतील भेद हाच. उपदेश म्हणतो, असें करा. बातमी म्हणते, असें झालें आहे. उपदेश पुस्तकांत पडून राहूं शकतो. बातमी मात्र कोणीतरी चालत जाऊन पोंचवावी लागते. जे पायीं व बैलगाडीनें या वस्त्यांवर आले, आणि ज्या आयाबायांनीं ऐकलेलें रात्रीं चुलीपाशीं मुलांस सांगितलें, ते सर्व या अर्थीं वर्तमान आणणारे होत. ज्युबिली त्यांची आहे.

म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलांस एकदां अवश्य विचारावें, ‘वर्तमान म्हणजे काय?’ आणि उत्तर आलें नाहीं तर रागें न भरतां ही कुळकथा सांगावी.