सुभेदार म्हणजे साहेब का?



गेल्या आठवड्यात आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजोबा आले. हातात मोबाइल होता. नातू सैन्यात आहे, त्याचा निरोप आला होता. आजोबांनी तो कुणाला वाचायला दिला नाही. एकेक अक्षर जुळवत स्वतःच वाचला. "मी ना-य-ब सु-भे-दा-र झालो." वाचायला बराच वेळ लागला, पण वाचला. मग आम्हाला म्हणाले, "गुरुजी, सुभेदार झाला म्हणजे पोरगं साहेब झालं का?"

आम्ही पटकन "हो" म्हणणार होतो, पण थांबलो. या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

सुभेदार हा शब्द आपल्याला नवा नाही. सुभा म्हणजे मोठा मुलूख. मोगलाईत सुभ्याचा कारभार पाही तो सुभेदार. पेशवाईतही हा मान मोठा होता. मल्हारराव होळकरांना लोक सुभेदार म्हणत, आणि त्यांच्या मागे हजारो घोडी चालत. नाईक आणि हवालदार हे शब्दही आपलेच. शिवाजी महाराजांच्या पायदळात दहा पाइकांवर एक नाईक असे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे.

पुढे इंग्रजांची कंपनी आली. तिने आपलीच माणसे भरती केली, त्यांच्या पलटणी उभ्या केल्या आणि हुद्द्यांची नावेही आपलीच घेतली. नाव तेच राहिले, पण माप बदलले. मुलूख सांभाळणारा सुभेदार आता शंभरेक शिपायांचा सुभेदार झाला. त्याच्या हाताखाली जमादार, त्याखाली हवालदार, मग नाईक, मग शिपाई. घोडदळात सुभेदाराच्या जागी रिसालदार. एका पलटणीत साधारण आठ तुकड्या असत. प्रत्येक तुकडीला एक सुभेदार आणि एक जमादार. साऱ्या पलटणीत सर्वांत वडील तो सुभेदार मेजर.

सुरुवातीला या देशी अधिकाऱ्यांना बराच अधिकार होता. गोरे साहेब थोडे, आणि तुकडी चालवायची ती सुभेदारानेच. मग १७९६ साली कंपनीने फौजेची नवी घडी बसवली. पलटणीत गोरे अधिकारी खूप वाढले. सुभेदाराच्या हातचे काम त्यांनी घेतले. त्याच्याकडे मान उरला, सत्ता उरली नाही.

हे कुठे लांब घडत होते असे समजू नका. हिंगोली आपल्याला ठाऊक आहे. १९९९ सालापर्यंत हिंगोली आपल्या परभणी जिल्ह्यातच होती. तिथे इंग्रजांच्या काळात लष्करी छावणी होती. ती फौज हैदराबादच्या नावाची, खर्च निजामाच्या माथी, आणि हुकूम मात्र गोऱ्यांचा. याच खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांकडे गेला. या फौजेच्या घोडदळात शिलेदार असत, म्हणजे स्वार आपले घोडे आपण आणी. वर गोरा साहेब, मध्ये रिसालदार आणि सुभेदार, खाली आपली गावाकडची पोरे. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली.

आता मुख्य गोष्ट ऐका. सैन्यात अधिकाऱ्याला सनद मिळते. सनद म्हणजे अधिकाराचा कागद. गोऱ्या अधिकाऱ्याची सनद विलायतच्या राजाची. आपल्या सुभेदाराची सनद व्हाइसरॉयची. कागद दोन, म्हणून माणसेही दोन प्रकारची. तीस वर्षे नोकरी केलेला, लढाईत जखमा झालेला, मिशा पिकलेला सुभेदार मेजर असो. विलायतेहून कालच आलेला वीस वर्षांचा गोरा पोरगा त्याच्या वरचा. आपले शिपाई सुभेदाराला सलाम करीत. पण गोऱ्या शिपायावर सुभेदाराचा हुकूम चालत नसे.

तरीही सुभेदारावाचून गोऱ्या साहेबाचे पान हलत नसे. शिपायाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाच्या जमिनीचा तंटा चालू आहे, कोण कोणावर रुसला आहे, हे सारे सुभेदाराला ठाऊक. साहेबाची भाषा शिपायाला कळेना, शिपायाचे मन साहेबाला कळेना. मध्ये सुभेदार उभा. नांगरात रुमणे जसे, तसा तो. माणसाचा हात नांगराशी त्याच्यानेच जुळतो.

काही जणांना ही शिडी चढूच दिली गेली नाही, तेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या फौजेत महार शिपाई पुष्कळ होते. त्यांच्यातले कित्येक सुभेदार झाले. त्यातले एक रामजी मालोजी सकपाळ. ते फौजेच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. फौजेत शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकवण्याची सक्ती होती. बाहेर ज्या माणसाच्या सावलीचा विटाळ मानत, तो फौजेत शाळा चालवत होता! त्यांचा चौदावा मुलगा १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला. तेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि त्याच सुमारास, १८९२-९३ च्या आसपास, इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. अमुक जाती लढवय्या, तमुक नाहीत, असे त्यांनी ठरवून टाकले. वरच्या जातीच्या शिपायाने महार सुभेदाराला सलाम कसा करायचा, ही अडचणही होतीच. ती अडचण आपल्याच माणसांची, हे कबूल करायला हवे. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. आजची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात.

राजाची सनद हिंदी माणसाला कधी मिळाली? पहिले महायुद्ध संपता संपता. विलायतच्या सँडहर्स्ट शाळेत वर्षाला दहा जागा हिंदी मुलांसाठी ठेवल्या. एवढ्या मोठ्या देशाला दहा! कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात तिथूनच १९२६ साली अधिकारी झाले आणि पुढे लेफ्टनंट जनरलच्या पदापर्यंत पोचले. १९३२ साली डेहराडूनला आपल्या देशातच अधिकाऱ्यांची शाळा निघाली. पण तिथे जायला इंग्रजी शिक्षण हवे, घरचे बळ हवे. शेतकऱ्याच्या पोराला सुभेदारीच उरली.

कधी कधी एखादा ती भिंतही ओलांडी. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे १९४० साली साधे शिपाई म्हणून भरती झाले. डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवर शत्रूच्या गोळ्या चुकवीत त्यांनी सुरुंग काढले आणि रणगाड्यांना रस्ता करून दिला. त्यांना परमवीर चक्र मिळाले.

स्वराज्य आले तेव्हा प्रश्न पडला. अधिकारीही आपले आणि शिपाईही आपले, तर मग मधला सुभेदार कशाला? तरी सरकारने तो ठेवला. शेजारच्या पाकिस्ताननेही ठेवला. आम्हाला वाटते, ठेवला ते बरे केले. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातो. पलटणीची आठवण सुभेदाराच्या डोक्यात असते. आता त्याला सनद मिळते ती राष्ट्रपतींची. या वर्गाला ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, थोडक्यात जेसीओ, म्हणतात. १९६५ साली जमादार हे नाव काढून नायब सुभेदार केले. उत्तरेकडे झाडू मारणाऱ्याला जमादार म्हणू लागले होते. आपल्याकडे तर पोलिसातला हवालदार म्हणजे जमादार! नाव बदलले हे ठीकच झाले.

हा हुद्दा नुसता म्हाताऱ्यांचा नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटचा जवान. त्याने सियाचीनच्या बर्फात नोकरी केली. २०२२ साली बर्मिंगहॅमला अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक जिंकले, तेव्हा तो नायब सुभेदार होता.

पण पोरांना पाठवण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. २०२२ सालापासून भरती अग्निवीर म्हणून होते, चार वर्षांसाठी. त्यातले चौथा हिस्सा, म्हणजे शंभरातले पंचवीसच, पुढे कायम होतात असा नियम निघाला. सुभेदार व्हायला वीसेक वर्षे लागतात. म्हणजे आधी त्या पंचविसात यावे लागते. दुसरे असे की शिपायालाही साहेब होता येते. डेहराडूनला आर्मी कॅडेट कॉलेज आहे. शिपायाने, नाइकाने परीक्षा द्यायची, मग तिथे शिकून अधिकारी व्हायचे. त्याला बारावी पास असावे लागते. भरतीच्या घाईत दहावीवर शाळा सोडणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

त्या आजोबांना आम्ही काय सांगितले? खांदा कसा वाचायचा ते सांगितले. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती. लेफ्टनंट साहेबाच्या खांद्यावर दोन तारे. सुभेदाराच्या खांद्यावरही दोनच तारे, पण त्यांच्याखाली लाल-पिवळी पट्टी. नायब सुभेदाराला एक तारा आणि तीच पट्टी. सुभेदार मेजरला पट्टीवर अशोकाचे सिंह. साहेब आणि सुभेदार यांच्यामध्ये आता एवढी बोटभर पट्टी आहे.

आजोबांनी मोबाइलवर नातवाचा फोटो काढला. दोन बोटांनी मोठा केला. चष्मा पुसला. मग म्हणाले, "एक तारा हाय. अन् पट्टी बी हाय."