चंचल मन आणि धुळ्याचा तुरुंग



मनःशांतीचा मार्ग शोधण्यासाठी साक्रीकरांनी हिमालयात जाण्याचे कारण नाही. तो आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, धुळ्याच्या तुरुंगात सांगितला गेला आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबा भावे यांनी तेथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली आणि पुढे ती ‘गीता प्रवचने’ या नावाने ग्रंथरूप झाली.

सहाव्या अध्यायाचा विषय होता चित्तवृत्तींचा निरोध. पतंजलींची योगाची व्याख्याही हीच. मन वाऱ्यासारखे अनावर आहे, ही अर्जुनाची तक्रार. अभ्यास आणि वैराग्य हे त्यावरील उत्तर. विनोबांनी त्यातून एकाग्रता, जीवनातील परिमितता आणि समदृष्टी यांवर भर दिला.

आज भोवती भिंती नाहीत, तरी मन मोकळे नाही. शिक्षकाचे लक्ष वर्गातून मोबाईलकडे धावते, अधिकाऱ्याचे एका फाईलीवरून दुसरीकडे, तर पंचायत सदस्याचे ठरावावरून ठराव मांडणाऱ्याकडे. अशा मनाने घेतलेला निर्णय साऱ्या गावाला भोवतो.

म्हणून प्रथम आहार, निद्रा, बोलणे आणि पाहणे यांना माप असावे. रोज ठरल्या वेळी काही क्षण श्वासावर लक्ष ठेवावे. मन भटकले तर न चिडता परत आणावे. हाच अभ्यास. श्रेयाचा हट्ट सोडणे हे वैराग्य, आणि सभेत विरोधकाचेही म्हणणे पूर्ण ऐकणे ही समदृष्टी.

बंदिवासात ज्याचे चिंतन झाले, ते मोकळ्या माणसाने आचरणात आणणे अशक्य खचितच नाही.