बहिर्जीचा चेहरा कुणाचा?

दौंडहून पुण्याला रोज नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या पासधारकांचे काही वाद कधीच मिटत नाहीत. चौथ्या सीटवर कुणी बसायचं, हा त्यातला एक. दुसरा अलीकडचा आहे. पडद्यावरचा खरा बहिर्जी नाईक कोण, प्रसाद ओक की हरीश दुधाडे?

दिग्पाल लांजेकरांचा 'फर्जंद' २०१८ साली आला. त्यात शिवाजी महाराजांचा हेरप्रमुख बहिर्जी झाला होता प्रसाद ओक. पुढच्याच वर्षी 'फत्तेशिकस्त' आला. महाराज तेच, चिन्मय मांडलेकर, पण बहिर्जी मात्र बदललेला, हरीश दुधाडे. २०२२ च्या 'पावनखिंड'मध्येही दुधाडेच. झालं! एक गट म्हणतो, "ओकांचं काम बघा, नुसत्या डोळ्यानं बोलतो माणूस." दुसरा म्हणतो, "अहो, पण चपळाई कुठाय? हेर म्हटल्यावर पळता आलं पाहिजे."

या वादात मला सगळ्यात पटलेला मुद्दा एका कॉलेजच्या पोरानं मांडला. तो म्हणाला, "काका, तुम्ही चित्रपटांची साल बघताय, इतिहासाची बघा की." 'फर्जंद' कोंडाजीनं पन्हाळा घेतला त्याची गोष्ट, म्हणजे १६७३. 'फत्तेशिकस्त' लाल महालातल्या छाप्याची, १६६३. 'पावनखिंड' तर १६६०. म्हणजे नंतर आलेले दोन्ही चित्रपट दहा-बारा वर्षं आधीचे. मग तरुण बहिर्जी दुधाडे आणि मुरलेला बहिर्जी ओक, यात चुकलं काय? डबा क्षणभर गप्प झाला. मग कुणीतरी विचारलंच, "अन् मग महाराज का नाही तरुण झाले?" त्याला उत्तर कुणाकडे नव्हतं.

असे वाद जगभर होतात. जेम्स बाँडचंच घ्या. १९६२ पासून शॉन कॉनरी, मधे एका चित्रपटापुरता जॉर्ज लॅझेनबी, मग रॉजर मूर, टिमोथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन. २००५ मध्ये डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं, तेव्हा चाहत्यांनी काहूर माजवलं. केस भुरे, उंची कमी, हा कसला बाँड! पुढच्या वर्षी 'कॅसिनो रोयाल' आला आणि बहुतेकांची तोंडं बंद झाली. क्रेगनं २०२१ पर्यंत पाच चित्रपट केले. पण बाँड हा इयान फ्लेमिंगनं कागदावर रंगवलेला माणूस. त्याला कुणीही केलं तरी कुणाच्या आजोबांचा अपमान होत नाही. बहिर्जीचं तसं नाही. तो होऊन गेलेला माणूस आहे.

आणि गंमत अशी, की होऊन गेला असला तरी त्याचा चेहरा आपल्याकडे नाही. सुरतेच्या स्वारीच्या संदर्भात सभासदाच्या बखरीत त्याचं नाव येतं. त्याची समाधी सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर दाखवतात. बाकी पुष्कळसं आपण कथा-कादंबऱ्यांतून ऐकलेलं. भालजी पेंढारकरांनी १९४३ साली 'बहिर्जी नाईक' नावाचाच चित्रपट काढला होता. म्हणजे प्रसाद ओक हाही काही पहिला बहिर्जी नव्हे. पण आज शाळेतल्या पोराला बहिर्जीचं चित्र काढायला सांगा. तो सिनेमातला नट काढतो. मला काळजी वाटते ती याची.

चेहरा असा चिकटतो, हे आम्ही शिरूरकडे चांगलं बघितलंय. 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेत डॉ. अमोल कोल्हे संभाजीराजे झाले. २०१९ मध्ये ते शिरूर मतदारसंघातून खासदार झाले. मालिका तेव्हा चालूच होती. २०२५ मध्ये 'छावा' हा हिंदी चित्रपट आला, विकी कौशलचा, आणि लोक पुन्हा चेहऱ्यांची तुलना करायला लागले. दोन्ही बाजूंची मंडळी तावातावानं बोलतात, आणि संभाजीराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुक याच शिरूर तालुक्यात आहे, हे त्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं.

त्या वढूच्या समाधीचा शोध इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी लावला. याच बेंद्र्यांनी आणखी एक मोठं काम केलं. एकेकाळी शिवाजी महाराज म्हणून जे चित्र सर्रास छापलं जाई, ते वास्तविक इब्राहीमखान नावाच्या भलत्याच माणसाचं होतं. बेंद्र्यांनी ते दाखवून दिलं आणि १९३३ मध्ये डचांकडचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. म्हणजे खुद्द महाराजांच्या जागी दुसराच माणूस बसला होता, आणि त्याला हात जोडणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. महाराजांचं निदान अस्सल चित्र सापडलं. बहिर्जीचं कुठून सापडणार? ज्याचा चेहरा शत्रूच्या ध्यानात राहता कामा नये, त्याची तसबीर कोण काढून घेईल?

म्हणून मी कोणत्याही गटात नाही. माझं मत असं, की बहिर्जीचा नट दर चित्रपटाला बदलावा. महाराज तेच ठेवा, जिजाऊ त्याच ठेवा, प्रेक्षकाला आधार लागतो. पण बहिर्जी तेवढा बदला. एकाच नटाला त्याच्यावर कायमचा हक्क नको. शिवाय पोस्टरवर त्याचा भलामोठा फोटो छापतात, तोही बंद करा. हेराचा फोटो चौकात लावतात का कुठं?

दौंड तालुक्यातून भीमा ओलांडली की पलीकडे श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव लागतं. तिथं मोगल सरदार बहादूरखानाचा बहादूरगड. १६८९ मध्ये संभाजीराजांना कैद करून आणलं ते इथंच. या खानाला मराठ्यांनी कसं फसवलं ते तिथले लोक अजून रंगवून सांगतात. एक तुकडी मुद्दाम हूल देऊन पळाली, खान फौजेसकट तिच्या मागे, आणि दुसऱ्या तुकडीनं मागे राहिलेली छावणी लुटली. वेड पांघरून पेडगावला जाणं, ही म्हण त्यावरूनच पडली असंही सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण खानाचे घोडे किती आणि खजिना कुठे, ही बातमी आधी काढणारा कुणीतरी असणारच. घोड्यांना चारा घालणारा असेल, बाजारात कांदे विकणारा असेल.

हे मी गाडीत बोलून दाखवलं तेव्हा एकजण म्हणाला, "मग चौफुल्याच्या थिएटरातला एखादा सोंगाड्या घ्या. सकाळी शेतकरी, रात्री राजा, अन् दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला तर ओळखू येत नाही." सूचना वाईट नाही. ओकवाल्यांना आणि दुधाडेवाल्यांना ती अजून मान्य झालेली नाही.