आठवण माझी, पण माणसं?



गेली बारा वर्षं मी आत्मकथन लिहू पाहणाऱ्यांबरोबर कार्यशाळा घेतो. येणारे बहुतेक जण निवृत्त झालेले असतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "सर, सुरुवात कुठून करू?" महिन्याभरानं तो प्रश्न मागे पडतो आणि दुसरा येतो, "सर, हे लिहिलं तर घरचे काय म्हणतील?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जे सगळ्यात लख्ख आठवतं तिथून सुरू करा, क्रम नंतर लावता येतो. दुसरा प्रश्न अवघड आहे. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या भाषेत आत्मकथनाची वाट जुनी आहे. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' 1888 सालचं. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 सालचं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागानं आली. यातली रमाबाई आणि लक्ष्मीबाईंची पुस्तकं वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. नाव आत्मकथनाचं, पण पानांपानांवर दुसरी माणसं आहेत. रमाबाईंच्या पुस्तकात न्यायमूर्ती रानडे आहेत, लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात रेव्हरंड टिळक आहेत. एकट्या माणसाचं आयुष्य लिहायचं म्हटलं तरी लिहिता येत नाही.

आणि त्या दुसऱ्या माणसाला विचारलं, तर तो तेच घर वेगळं सांगतो. धोंडो केशव कर्व्यांनी 1915 मध्ये 'आत्मवृत्त' लिहिलं. 1893 मध्ये त्यांनी जिच्याशी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. त्यांचं 'माझे पुराण' पुढे 1944 मध्ये आलं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, असं मी प्रत्येक गटाला सांगतो. संसार एकच. नवऱ्याच्या पुस्तकात संस्था कशी उभी राहिली ते कळतं, बायकोच्या पुस्तकात त्या संस्थेपायी घरात काय झालं ते कळतं. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. तुमच्या घरातही अशी दोन पुस्तकं आहेत, फक्त त्यातलं एक तुम्ही लिहिताय.

आता थोडं कारागिरीबद्दल.

आठवण हा पुरावा नसतो. बडोद्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं की पानशेतच्या पुरात वडिलांनी त्यांना खांद्यावर घेऊन नदीकाठच्या वाड्यातून बाहेर काढलं. पाण्याचा रंग, वडिलांचा भिजलेला सदरा, सगळं होतं. पानशेतचं धरण फुटलं 12 जुलै 1961 ला. आणि त्यांच्याच ट्रंकेत बडोद्याच्या शाळेत पहिलीत नाव घातल्याचा कागद होता, जून 1961 चा. म्हणजे पुराच्या दिवशी हे कुटुंब पुण्यात नव्हतंच. बाई दोन दिवस बेचैन होत्या. मग चुलत भावाशी बोलल्यावर उलगडा झाला. पुरात खांद्यावर बसलेला मुलगा तो होता, आणि खांदा काकांचा होता. ती गोष्ट दर सुटीत इतक्यांदा ऐकली की ती त्यांची स्वतःची झाली.

तो प्रसंग त्यांनी काढून टाकला नाही. त्यांनी लिहिलं, "ही आठवण माझी नाही, पण ती मला आहे." त्यांच्या पुस्तकातलं ते सगळ्यात चांगलं पान आहे. पुणं सुटल्याचं त्या लहान मुलीला किती लागलं होतं, ते त्या एका पानातून कळतं.

म्हणून लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. मला आठवतं ते. मला सांगितलं गेलं ते. आणि माझा अंदाज आहे ते. वाचकाला तिन्ही चालतात, फक्त कुठलं काय आहे ते कळायला हवं. शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, लग्नपत्रिका, पासबुक, खर्चाची वही हे सगळं काढून बसा. मोठ्या घटनांच्या तारखाही उपयोगी पडतात. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, भोपाळची वायुगळती 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरमधल्या रात्रीची. अशा खुंट्यांना आपल्या आठवणी टांगून बघा.

संवादांचंही तेच. पन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दशः कुणालाच आठवत नाही. पण आई एखादं वाक्य नेहमी कसं म्हणायची ते आठवतं. तेवढंच अवतरणात घ्या, बाकीचं आपल्या शब्दांत सांगा. आणि बाहेरच्या राज्यांत वाढलेल्यांनी आपली मराठी धुऊन पुसून घेऊ नये. मी हैदराबादचा. आमच्या घरात मराठी बोलता बोलता 'हौ' यायचं, 'नक्को' यायचं. ते शब्द काढले तर माणसं आमच्या घरची उरत नाहीत.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

"कुणाला दुखवू नका" असा नियम मी देत नाही. तो नियम पाळला असता तर 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं नसतं, 1980 मध्ये लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आलं नसतं. बेबीताई कांबळ्यांनी लिहिलेलं घरच्यांपासून वीसेक वर्षं लपवून ठेवलं होतं. ते 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तक झालं. गप्प राहण्यानं नेहमी कुणाचा तरी फायदा होत असतो. तो कुणाचा होतोय हे आधी बघा. ज्यानं अन्याय केला त्याचा होत असेल, तर लिहा. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस त्या गप्प राहण्याच्या आडोशाला जगत असेल, तर तो आडोसा त्याला विचारल्याशिवाय काढू नका.

माझ्या घरचं सांगतो. हे आज बोलतोय तेही ताईला विचारूनच.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. 1971 मध्ये तिचं लग्न झालं आणि आठ महिन्यांत ती घरी परत आली. पुढे ती शिकली, नोकरी केली, दुसरं लग्न झालं, मुलं झाली. त्या आठ महिन्यांचा उच्चार आमच्या घरात कुणी करत नसे. मी बाबांवर प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा कळलं की हे वगळून बाबा लिहिताच येत नाहीत. त्यांच्या ट्रंकेत ताईची तीन कार्डं होती. पहिल्या कार्डानंतर पाच महिन्यांनी बाबा तिला आणायला गेले.

कार्डं म्हणजे साधी पोस्टकार्डं. सासरच्या कुणीही वाचावीत अशी. तिन्हींत "इकडे सर्व क्षेम" होतं. तिसऱ्यात शेवटी एक ओळ, "माझी पुस्तके अजून कपाटात आहेत ना?"

मी कच्चा मसुदा ताईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला आठ दिवस दे." आठ दिवसांनी तिनं तीन गोष्टी सांगितल्या. त्या गावाचं नाव नको, कारण त्या माणसालाही पुढे संसार झाला, मुलं झाली, त्यांचा काय दोष? परत का आले ते लिहायचं नाही, ते माझं मी ठरवीन. आणि कार्डं मात्र घालायची. मग तिनं त्या ओळीचा अर्थ सांगितला. लग्नाआधी बाबा तिला म्हणाले होते, "तुझी पुस्तकं मी कुणाला देणार नाही." कपाटात पुस्तकं आहेत का, म्हणजे मला परत येता येईल का.

हे मला कुठल्याच कागदात सापडलं नसतं. परवानगी मागायला गेलो होतो, घेऊन आलो ते त्या प्रकरणाचं मर्म. म्हणून मी म्हणतो, विचारायला जाणं हा नुसता शिष्टाचार नाही, तो लेखनाचाच भाग आहे.

धाकट्या भावाचा आक्षेप वेगळा होता. तो म्हणाला, "दादा, बाबा उत्तर द्यायला नाहीत. तू एकटाच बोलणार." त्याचं म्हणणं रास्त होतं. गेलेल्या माणसाची बाजू शोधायचं काम लिहिणाऱ्यावरच येतं. मी बाबांची खर्चाची वही काढली. लग्नासाठी सोसायटीतून काढलेलं कर्ज, दर महिन्याला चाळीस रुपये कापले जात होते. आणि ज्या महिन्यात ते तिला आणायला गेले त्या महिन्यात नोंद होती, "जाण्याचे तिकीट एक, येण्याची दोन." म्हणजे निघतानाच त्यांचं ठरलं होतं. कर्जामुळे पाच महिने लागले असं मी लिहिलं नाही, कारण ते मला ठाऊक नाही. कार्डांच्या तारखा आणि वहीतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. भावाला ते पटलं असं म्हणणार नाही, पण छापायला त्यानं हरकत घेतली नाही.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो. सापडलेली पत्रं तुमच्या ट्रंकेत असली तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. त्याच्या पश्चात तो वारसांकडे जातो. पत्र छापायचं तर त्यांची परवानगी घ्या. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे, पूर्वी दंड संहितेत 499 होतं. जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवायच्या हेतूनं मृत व्यक्तीबद्दल लिहिलेलं बदनामीकारक विधानही त्यात येऊ शकतं. शंका असेल तर वकिलाला दाखवा. नुसतं नाव बदलून भागत नाही. "आमचे एक मेहुणे" लिहिलं की घरातल्या सगळ्यांना मेहुणे कळतात.

शेवटी, मसुदा पुरा झाला की प्रत्येक माणसापाशी थांबून चार प्रश्न विचारा. हा माणूस इथे कशाला आहे? हे लिहिल्यानं त्याचं काय बिघडेल? तो उत्तर देऊ शकतो का? नसेल देऊ शकत, तर त्याची बाजू मी कुठे कुठे शोधली? सूड उगवायला लिहिलेलं पान या चार प्रश्नांत बहुधा आपोआप गळतं. आणि जे गळत नाही, ते निर्भयपणे ठेवा. कुणी रागावलं तरी तुम्हाला त्यांच्यासमोर बसून बोलता येईल.

एक शेवटची विनंती. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर लिहायला बसण्याआधी त्यांच्याकडे जा. जुना एखादा फोटो किंवा कार्ड बरोबर न्या. "हे काय आहे?" एवढंच विचारा, आणि मग मध्ये बोलू नका.