उड्डाण होताच इंजिन बंद पडले तर?

श्रोतेहो, लहान विमान जमीन सोडून जेमतेम वर चढले आणि इंजिन बंद पडले, तर वैमानिकाने काय करावे? तुम्ही म्हणाल, ‘मागे वळावे, धावपट्टी मागेच तर आहे!’ पण घात होतो तो तिथेच.

विमानाला तोलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. वेग गेला, की हा आधारही गेला. म्हणून आधी नाक खाली करून वेग राखायचा. वळताना विमान कलते. मग तोलायला वेग जास्त लागतो आणि उंची भराभर सरते. तेव्हा उंची थोडी असेल, तर समोरचीच मोकळी जागा गाठावी.

५ मार्च २०१५ रोजी अमेरिकेत सांता मोनिका येथे नट हॅरिसन फोर्ड यांच्या १९४२ सालच्या विमानावर हाच प्रसंग आला. धावपट्टी गाठणार नाही असे दिसताच त्यांनी जवळच्या गोल्फच्या मैदानावर विमान उतरवले. जखमी झाले, पण वाचले. चौकशीत आढळले, की कार्ब्युरेटरमधला इंधन मापून सोडणारा चिमुकला भाग आट्यांतून सुटला होता.

शिक्षकबंधूंनो, वर्गात कागदी विमान नाक फार वर धरून सोडा. ते कसे कोसळते हे पाहिल्यावर विचारा, ‘वैमानिक आधी नाक खाली का करतो?’ उत्तर मुलेच देतील.