बधिर पावलांचा व्यायाम

पायांत कांटा रुतला कीं मनुष्य थांबतो, तो उपटून टाकतो आणि मगच पुढें चालूं लागतो. वेदना नकोशी वाटली तरी वस्तुतः ती पावलांची पहारेकरीण होय. दीर्घकाळच्या मधुमेहानें पायांच्या मज्जातंतूंना इजा पोंचली म्हणजे हा पहाराच उठतो. चपलेंतला खडा दिवसभर तळव्यांत रुतत राहतो आणि त्याची दाद लागत नाहीं. पावलांतील लहान स्नायू दुबळे होऊन बोटें आंकडीसारखीं वळतात, चवड्यावर भलताच भार पडतो. घाम आटल्यामुळें कातडी भेगाळते. यांतूनच ती जखम उद्भवते, जिच्यापायीं पुष्कळांना अखेर पाय गमवावा लागतो.

१९४६ सालीं वेल्लोरला आलेले शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांचें निरीक्षण करून दाखविलें कीं, अशा जखमांचें मूळ वेदनेच्या अभावीं त्याच जागीं वारंवार पडणाऱ्या दाबांत असतें. हेंच तत्त्व त्यांनीं पुढें अमेरिकेंत मधुमेही रुग्णांच्या पायांस लावलें.

मग अशा माणसानें चालणेंच सोडावें काय? पूर्वीं सल्ला बहुधा तसाच मिळे. परंतु २००८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा ७९ रुग्णांची वर्षभर पाहणी झाली. उभ्यानें करावयाचे व्यायाम व चालणें ज्यांनीं हळूहळू वाढविलें, त्यांना इतरांहून लक्षणीय अधिक जखमा झाल्या नाहींत. २०१० सालीं अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेंही जखम नसलेल्यांना बेताच्या चालण्याची मुभा दिली.

व्यायाम साधेच आहेत. खुर्चीवर बसून घोटे वरखालीं करावे. बोटें फांकवावीं व मिटावीं. जमिनीवर पसरलेला पंचा बोटांनीं गोळा करावा. नंतर खुर्चीची पाठ धरून टांचा सावकाश उचलाव्या. यामुळें सांधे मोकळे राहतात, स्नायूंना बळ येतें व तोल सांवरतो. व्यायामानें गेलेली संवेदना हटकून परत येईल, असें मात्र मानूं नये. आणि औषधोपचार तर चालूच ठेवावा.

म्हणून पहाऱ्याचें काम आतां डोळ्यांनीं व हातांनीं केलें पाहिजे. घरांतही अनवाणी चालूं नये. पायताण घालण्यापूर्वीं आंत हात फिरवून पाहावा. चालून आल्यावर तळवे आरशांत न्याहाळावे. दृष्टि मंद असल्यास घरच्या माणसानें पाहावे. लाली, फोड, चीर, सूज किंवा एकाच पावलांत ऊब आढळली, तर व्यायाम तत्काळ थांबवून त्याच दिवशीं डॉक्टरांस पाय दाखवावा. दुखत नाहीं, एवढ्यावर विसंबून दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. कारण न दुखणें हेंच या विकाराचें लक्षण आहे.